नव्या शहरात मैत्री कशी जमवावी: पुण्यात एकट्याने राहायला येणाऱ्यांसाठी

जून 2022 मध्ये मी लातूरहून पुण्याला, कोथरूडमध्ये राहायला आले, तेव्हा माझे वय 34 होते. नोकरी हाती होती, भाड्याचे घर ठरलेले होते, आणि गॅस, इंटरनेट, दूधवाला, कामाच्या मावशी या सगळ्यांची यादी मी निघण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवली होती. त्या यादीत माणसांचा रकाना नव्हता. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी मला सणकून ताप भरला, घरात गोळी नव्हती, आणि ‘जरा औषध आणून द्याल का’ असे हक्काने विचारता येईल असे एकही माणूस या शहरात आपल्याकडे नाही, हे तेव्हा लक्षात आले. त्या दुपारनंतर मी जे शिकले, ते नव्याने येणाऱ्यांना पहिल्या महिन्यातच कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

शाळा-कॉलेजात मैत्री जमवावी लागत नाही, कारण तिची सगळी व्यवस्था दुसऱ्या कोणीतरी लावून दिलेली असते. वर्ग ठरलेला, वेळ ठरलेली, आणि तेच चाळीस चेहरे वर्षानुवर्षे रोज समोर. नोकरीच्या वयात गाव सुटले की ही व्यवस्थाच नाहीशी होते, आणि आपण मात्र ‘माझा स्वभावच बुजरा आहे’ किंवा ‘पुण्याची माणसे मिसळत नाहीत’ असे म्हणत बसतो. मी स्वतः हे दोन्ही म्हटले आहे, आणि दोन्ही चुकीचे होते. पुढच्या पायऱ्या म्हणजे तीच मोडलेली व्यवस्था स्वतःच्या हाताने पुन्हा उभी करणे आहे.

जवळ काय ठेवावे

खर्च फारसा नाही, पण पुढील गोष्टी तयार असल्या की ऐन वेळी अडत नाही.

- नोंदणीकृत भाडेकराराची प्रत. हा करार सहसा 11 महिन्यांचा असतो आणि ग्रंथालयाचे सभासदत्व घेताना स्थानिक पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.
- आधार कार्डाच्या दोन प्रती आणि पासपोर्ट आकाराची चार-सहा छायाचित्रे.
- चांगली पकड असलेले बूट, टोपी आणि पाण्याची बाटली.
- दोन जास्तीचे कप आणि झाकणाचा एक डबा. हे का, ते पुढे येईल.
- एक छोटी वही. भेटलेल्या माणसाचे नाव आणि त्याने सांगितलेली एखादी गोष्ट घरी आल्यावर तीत लिहून ठेवावी. ‘मुलीची दहावी’, ‘आईचे गुडघ्याचे ऑपरेशन’ एवढेच पुरे. पुढच्या भेटीत ‘मुलीचे पेपर कसे गेले?’ असे विचारता येते आणि समोरच्याचा चेहरा उजळतो.

1. घर निवडतानाच संध्याकाळचा विचार करा

बहुतेक जण घर शोधताना फक्त ऑफिसचे अंतर मोजतात. हिंजवडीत नोकरी आणि तिथेच घर असेल, तर सदाशिव पेठेतल्या एखाद्या कार्यक्रमाला आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणे जमत नाही. पहिल्या वेळी उत्साहाने जाल, दुसऱ्या वेळी वाहतुकीत अडकाल आणि तिसऱ्या वेळी घरीच थांबाल. म्हणून घरापासून पायी किंवा एका बसने अर्ध्या तासात पोहोचता येईल असे एखादे ठिकाण, मग ती टेकडी असो, बाग असो, ग्रंथालय असो की तालीम, आधी शोधावे आणि मग घराचा करार करावा. घर आधीच घेतले असेल, तर आपल्या अर्ध्या तासाच्या परिघात काय आहे ते नकाशावर पाहावे आणि परिघाबाहेरचे सगळे पहिले सहा महिने सोडून द्यावे.

2. आधी चार दारे

राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यातच शेजारच्या चार घरी स्वतःहून जावे. वेळ संध्याकाळी सहानंतरची. पुण्यात दुपारी एक ते चार या वेळात कोणाचीही बेल वाजवू नये. ही रीत दुकानांपुरती नाही, घरांनाही ती लागू आहे. ‘नमस्कार, मी दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आले आहे, लातूरची आहे, काही लागले तर सांगा’ इतके बोलून परत यावे. आत बोलावले नाही, तर वाईट वाटून घेऊ नये. तुमचे काम नाव सांगण्याचे होते आणि ते झाले. सोसायटीचे सुरक्षारक्षक दादा आणि झाडलोट करणाऱ्या मावशी यांनाही नाव सांगावे, त्यांचे विचारून घ्यावे, कारण इमारतीत सगळ्यांना ओळखणारी माणसे तीच असतात.

यानंतर महत्त्वाची गोष्ट वाटीची. शेजारच्या काकूंनी कधी वाटीभर काही पाठवले, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्याला घरीच शिकवलेले असते, पण एकटे राहू लागल्यावर आपण ते विसरतो आणि वाटी धुऊन कोरडी करून नुसती देऊन येतो. तिच्यात काहीतरी घालावे. मी पहिल्यांदा आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी घातली होती. आठ दिवसांनी काकू दारात उभ्या. ‘ही चटणी कुटलेली आहे ना, मिक्सरमधली नाही?’ असे त्यांनी विचारले, आणि उखळावरून निघालेल्या त्या गप्पा पाऊण तास चालल्या. झाकणाचा डबा यासाठी लागतो.

3. एक जागा, एक वेळ, सहा महिने

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल, तर ती ही.

सुरुवातीला मी फार चुकीच्या पद्धतीने शोध घेतला. एका शनिवारी मातीकामाची कार्यशाळा, पुढच्या शनिवारी एक ट्रेक, त्यानंतर एका व्याख्यानाला, मग नाटकाला. प्रत्येक ठिकाणी चांगली माणसे भेटली, क्रमांकांची देवाणघेवाण झाली, आणि त्यांपैकी एकाशीही पुन्हा बोलणे झाले नाही. पाच ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी पाच वेळा जावे, हे मला उशिरा समजले. पहिल्या भेटीत माणसे तुमच्याशी सौजन्याने बोलतात, चौथ्या भेटीत ओळखीचे हसतात, आणि सहाव्या-सातव्या वेळी तुम्ही आला नाहीत, तर ‘त्या आज दिसल्या नाहीत’ असे कोणीतरी म्हणते. खरी सुरुवात तिथून होते.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातले अभ्यासक जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नुकतेच दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांकडून मैत्री जमायला किती तास लागतात, याचा हिशोब घेतला होता. साध्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, मित्र म्हणण्याजोगे नाते व्हायला सुमारे 90 तास आणि जिवलग मैत्रीला 200 तासांहून अधिक सहवास लागतो, असे त्यांना आढळले. केवळ कामाच्या निमित्ताने एकत्र काढलेले तास मात्र तितके उपयोगी पडत नाहीत, असेही त्यांचे निरीक्षण आहे. हे आकडे तिथल्या लोकांचे आहेत, तरी मला त्यांनी मोठा धीर दिला. आठवड्याला दोन तास धरले, तर 50 तासांना 25 आठवडे होतात, म्हणजे जवळजवळ सहा महिने. तिसऱ्या आठवड्यात ‘अजून कोणी मित्र झाले नाही’ म्हणून खट्टू होणे किती अवेळी आहे, ते या गणितावरून कळते.

माझी जागा होती वेताळ टेकडी, आणि वेळ रविवारी सकाळी साडेसहाची. नोव्हेंबरपासून जाऊ लागले. पहिले सात रविवार फक्त मान हलवण्यात गेले. पावसाळ्यात लावलेली रोपे उन्हाळ्यात जगावीत, म्हणून टेकडीवर नियमाने येणारी काही मंडळी खालून कॅनमध्ये पाणी भरून वर नेतात. एप्रिलमध्ये त्यांच्यातल्या एका काकांनी मला थांबवले आणि हातातला एक कॅन पुढे करून म्हणाले, ‘तुम्ही रोजच्याच झालात आता, हा घ्या.’ मी वर जाऊन रोपाच्या बुंध्याशी पाणी ओतले, तसे ते जवळ आले, खुरप्याने आळे नीट केले आणि म्हणाले, ‘एकदम ओतू नका, उतारानं वाहून जातं. बारीक धार धरा, पिऊ द्या त्याला.’ मग विचारले, ‘कुठल्या तुम्ही?’ लातूर म्हटल्यावर ते थबकले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले होते, ते त्यांना आठवत होते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भाजी धुतलेले पाणीसुद्धा कुंडीसाठी कसे राखून ठेवत होतो, ते मी सांगितले. खाली उतरेपर्यंत पाच जण आमच्याबरोबर चालत होते, आणि पाचही जणांना माझे नाव माहीत झाले होते. त्या रविवारपूर्वी मी तिथे पाच महिने निमूटपणे चालले नसते, तर तो कॅन माझ्या हाती आला नसता.

4. हातांना काम असेल अशी जागा निवडा

समोरासमोर बसून अनोळखी माणसाशी बोलणे अवघड असते. दोघांच्या हातांना एकच काम असले की बोलणे आपोआप निघते, आणि थांबले तरी अवघडल्यासारखे होत नाही. या कसोटीवर मी पुण्यातल्या काही जागा पारखून सांगते.

ढोल-ताशा पथक ही तरुणांसाठी सर्वांत खात्रीची जागा आहे. गणेशोत्सवाच्या साधारण दीड-दोन महिने आधी नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर संध्याकाळचे सराव सुरू होतात, बरीच पथके नवशिक्यांना घेतात, आणि त्या काळात तीच माणसे आठवड्यातून अनेकदा भेटतात. चौकशी जूनमध्येच करावी. कानात कापूस घालावा आणि कंबरेचा त्रास असेल, तर ढोलाऐवजी झांज किंवा ध्वज मागून घ्यावा.

ग्रंथालयाची वाट संथ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी ती चांगली आहे. पुणे नगर वाचन मंदिर ही संस्था 1848 पासूनची आहे. घराजवळचे लहानसे वाचनालयही तितकेच उपयोगी. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पुस्तक बदलायला जावे आणि पुस्तके देणाऱ्यांना ‘याच्यासारखे आणखी काय आहे?’ असे विचारावे.

मैफली आणि व्याख्याने यांच्याबद्दल मात्र सावध राहायला हवे. डिसेंबरमध्ये होणारा, 1953 साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव जरूर ऐकावा, पण मैत्री जमवण्यासाठी म्हणून जाऊ नये. तिथे सगळे समोर पाहत बसलेले असतात, आणि बहुतेक जण आपापल्या मंडळींसोबत आलेले असतात. याउलट न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मे महिन्यांत रोज संध्याकाळी असते, त्यामुळे नेमाने जाणाऱ्याला तेच चेहरे पुन्हा दिसतात. एकदाच होणाऱ्या कार्यक्रमापेक्षा माला, वर्ग, सराव आणि तालीम यांना प्राधान्य द्यावे, ते या कारणाने. हौशी नाटकमंडळीत अभिनय येत नसला, तरी रंगमंचामागे माणसे नेहमीच हवी असतात. इस्त्री, नेपथ्य उचलणे, तिकिटे फाडणे, काहीही चालते.

5. ओळखीला त्या जागेबाहेर काढा

इथे बहुतेकांचे अडते. टेकडीवर दहा महिने गप्पा मारणारी दोन माणसे टेकडीच्या पायथ्याला निरोप घेतात आणि पुढच्या रविवारपर्यंत एकमेकांच्या आयुष्यात नसतात. कोणीतरी एकाने पाऊल उचलावे लागते, आणि नवीन आलेले तुम्ही आहात, म्हणून ते तुम्हीच उचलावे.

‘या एकदा घरी’ हे आमंत्रण नव्हे. ते निरोपाचे वाक्य आहे, आणि ऐकणाराही ते तसेच घेतो. आमंत्रणात वार, वेळ आणि कारण तिन्ही असावे लागतात. ‘शनिवारी साडेपाचला मी अमृततुल्यात चहाला थांबणार आहे, तुम्ही याल का? अर्ध्या तासात निघू.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण समोरच्याला किती वेळ द्यायचा, ते आधीच कळते. पहिले आमंत्रण चहाचेच असावे, जेवणाचे नको. जेवणाचे ओझे दोघांनाही होते.

नकार आला, तर त्यातले शब्द नीट ऐकावेत. ‘या शनिवारी नाही जमणार, पण मंगळवारी चालेल का?’ हा होकारच आहे. ‘बघू, सांगते’ असे उत्तर आले, तर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि पुन्हा एकदा विचारावे. तिसऱ्यांदाही दुसरा वार सुचवला गेला नाही, तर विचारणे थांबवावे, पण हसून बोलणे थांबवू नये. त्या माणसाच्या घरी कोणी आजारी असेल, मुलांच्या परीक्षा असतील, किंवा त्याच्या आयुष्यात सध्या नव्या माणसाला जागा नसेल. यातले काहीही तुमच्यामुळे झालेले नसते.

चहाच्या दोन-तीन भेटी झाल्या की घरी बोलवा. दोन जास्तीचे कप त्यासाठी.

6. बोली लपवू नका

पहिले काही महिने मी फोनवर आईशी बोलतानाही ऑफिसात आवाज बारीक करत असे, कारण ‘काय करायलाव?’ हे तोंडातून निघाले की आजूबाजूच्या माना वळायच्या. मग मी ठरवून पुस्तकी मराठी बोलू लागले, आणि त्याबरोबर माझे बोलणेच आटले. प्रत्येक वाक्य तपासून बोलणाऱ्या माणसाशी कोणालाच मोकळे होता येत नाही. वऱ्हाडी असो, अहिराणी असो, मालवणी असो की आमची मराठवाडी, ती बोलावी. एखाद्याने शब्दाचा अर्थ विचारला, तर आनंदाने सांगावा. कोणी जाणूनबुजून हिणवले, तर ‘आमच्याकडे असेच म्हणतात’ एवढे शांतपणे सांगून पुढे जावे, आणि त्या माणसाला किती जवळ करायचे, ते मनाशी ठरवावे.

संबोधनांत मात्र पुण्याची रीत पाळलेली बरी. समवयस्कांशीसुद्धा सुरुवात ‘तुम्ही’ने करावी. आमच्याकडे दुसऱ्या भेटीत ‘तू’ येते, इथे त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. समोरचा स्वतःहून ‘अगं, आता तुम्ही-आम्ही कशाला?’ म्हणाला की मग मोकळेपणाने एकेरीवर यावे.

7. वाटेतले खड्डे

एकट्या माणसाची गरज काही जणांना दुरून दिसते. एका वर्गात भेटलेल्या बाईंनी मला आपुलकीने कॉफीला बोलावले, मी दोन दिवस त्या भेटीची वाट पाहिली, आणि प्रत्यक्षात ती साखळी विक्रीच्या योजनेत पैसे भरायला लावणारी बैठक निघाली. पैशांपेक्षा त्या दोन दिवसांच्या आशेचे मला जास्त वाईट वाटले. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत नव्या ओळखीला उसने पैसे देऊ नयेत, कोणत्याही योजनेत ते भरू नयेत, आणि भिशीत शिरायचेच असेल, तर गेले तर चालतील इतक्याच रकमेचे शिरावे. इंटरनेटवरून ओळख झालेल्या माणसाला पहिल्यांदा भेटताना वर्दळीची जागा निवडावी, उजेडात भेटावे आणि कुठे जात आहोत, ते घरच्या कोणालातरी कळवून ठेवावे.

‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य आवरावे. इथला वडा, इथली रिक्षा, इथली माणसे यांना नावे ठेवत राहिलो, की ऐकणाऱ्याला आपल्या घरालाच नावे ठेवल्यासारखे वाटते.

गावच्या मंडळींचा गट असेल, तर त्यात जरूर असावे. घरची आठवण आली की तोच आधार असतो. पण प्रत्येक रविवार तिथेच गेला, तर तीन वर्षांनीही तुम्ही पुण्यात नवीनच राहता.

आणि आडनाव ऐकताक्षणी ‘म्हणजे कोणत्या गावचे, कोणत्यातले?’ असे खोदून विचारणारे भेटतील. उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. आपण मात्र हे कोणालाही विचारू नये. मैत्रीचे दार अनेकदा या एका प्रश्नाने बंद होते, आणि बंद झाल्याचे विचारणाऱ्याला कळतही नाही.

8. पहिली दिवाळी

या दिवसांची तयारी महिनाभर आधी करावी, कारण इमारत रिकामी होते, ऑफिस बंद असते आणि एकटेपणा तेव्हाच सर्वांत जास्त टोचतो. जमत असेल, तर गावी जावे. सुट्टी मिळाली नाही, तर आपल्यासारखे मागे राहिलेले कोण आहेत, ते आधी विचारून ठेवावे. रुग्णालयात काम करणारे, परीक्षेची तयारी करणारी मुले, सुरक्षारक्षक दादा असे बरेच जण असतात. त्यांना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फराळाला बोलवावे. चकली विकतची चालते. मी बोलावले तेव्हा तिघे जण आले होते, आणि त्यांतल्या परिचारिका ताईंशी माझे आजही रोज बोलणे होते.

मन फारच खचले, झोप-जेवण सुटले, तर मित्र मिळेपर्यंत थांबू नये. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक विनाशुल्क आहे, त्यावर बोलावे.

उन्हाळ्यात कोणाला वेताळ टेकडीवर पाणी न्यायला यायचे असेल, तर कॅन पाच लिटरचाच घ्यावा आणि झाकण घट्ट बसते ना, ते खालीच पाहून घ्यावे. दहा लिटरचा कॅन पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर खाली ठेवावा लागतो. साडेसहाला पोहोचावे, सातनंतर ऊन चढते, आणि तोवर आम्ही पहिली फेरी संपवून दुसऱ्या फेरीसाठी खाली उतरत असतो.